मऊ न्यूट्रल रनिंग शूज घेताना: आधी माप, मग कुशन

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, वजन ७८ किलो, राहणं पुण्यात कोथरूडला. आठवड्यातून चार दिवस मिळून ३० किमी धावणं, बहुतेक सिमेंटच्या रस्त्यांवर, रविवारी वेताळ टेकडी. डिसेंबरात पहिली हाफ मॅरेथॉन. सध्याचा जोड यूके ८, जिभेच्या आतल्या लेबलवर २६.५ सेंमी. सहा-सात किमीनंतर चवड्याला मुंग्या येतात, उजव्या करंगळीला बाहेरच्या बाजूने फोड येतो आणि टेकडी उतरून आलं की उजव्या अंगठ्याचं नख काळं पडतं. उभं राहून मोजल्यावर उजवं पाऊल २६८ मिमी, डावं २६३. एका दुकानात सांगितलं, पाऊल आत झुकतं, ते रोखणारे स्टॅबिलिटी शूज घ्या. दुसऱ्या दुकानात सांगितलं, न्यूट्रलच, म्हणजे तशी रचना नसलेलेच घ्या, पण भरपूर कुशनचे. कोणाचं ऐकायचं?

या तिन्ही तक्रारींत कुशनचा संबंध जवळजवळ नाही आणि पाऊल आत झुकण्याचाही नाही. तिन्ही मापाच्या तक्रारी आहेत. नख काळं पडतं ते लांबी कमी पडल्यामुळे. मुंग्या येतात त्या चवडा दोन्ही बाजूंनी दाबला गेल्यामुळे किंवा पावलाच्या वरच्या भागावर लेस करकचून बांधल्यामुळे. करंगळीचा फोड हा अरुंद पुढच्या भागाचा आणि बहुधा सुती मोज्याचा. याच मापात जास्त कुशनचा जोड घेतलात, तर तिन्ही त्रास तसेच राहतील. किंबहुना वाढतीलही, कारण महागड्या मऊ बुटांत जिभेला आणि टाचेच्या कडेला जाड अस्तर असतं आणि ते आतली जागा खातं.

म्हणून मापापासून सुरुवात. तुम्ही पाऊल उभं राहून मोजलंत हे बरं केलंत. बसून मोजलं की आकडा कमी येतो, कारण अंगावर भार आला की पावलाची कमान थोडी सपाट होते आणि पाऊल लांबतं. पुन्हा एकदा मोजा, पण संध्याकाळी, शक्यतो धावून आल्यावर, धावताना घालता तेच मोजे घालून. भिंतीला लागून ए-फोर कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल अगदी उभी धरून खूण करायची. पेन्सिल तिरकी झाली की तीन-चार मिमीची चूक सहज होते. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असंही नाही. पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना खुणा करून रुंदीही लिहून ठेवा. मोठं पाऊल कोणतं ते बघा आणि खरेदी त्याच्या मापानं करा. लहान पायाचा सैलपणा लेसनं सांभाळता येतो. मोठ्या पायाला मात्र जागा करून देता येत नाही.

आता यूके ८ या आकड्याकडे बघू. आपल्याकडे दुकानात यूके मापच चालतं, पण ते कंपनीगणिक वेगळं असतं. पुरुषांच्या बुटांत यूके ८ समोर आदिदासच्या लेबलवर २६.५ सेंमी दिसेल, नायकीच्या आणि एसिक्सच्या लेबलवर २७. तिन्ही ठिकाणी 'आठ नंबर'च, आणि फरक अर्ध्या सेंटिमीटरचा! यूके मापात एका नंबरचा फरक सुमारे ८.५ मिमी असतो, अर्ध्या नंबरचा सव्वाचार मिमी. 'मला आठ नंबर लागतो' हे वाक्य म्हणूनच दुकानात सोडून द्यावं आणि सेंटिमीटरवर बोलावं. पावलाच्या लांबीपेक्षा लेबलवरचा आकडा ५ ते १० मिमी जास्त असलेल्या जोडापासून सुरुवात करा. तुमच्या २६८ मिमीला २७.५ लेबलचा जोड पहिला घालून बघायचा. तो एसिक्समध्ये आणि नायकीत यूके ८.५ निघेल, आदिदासमध्ये ९. हे फक्त सुरुवातीचं अनुमान आहे, कारण बुटाचा साचा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि लेबल सारखं असूनही आतली जागा कमी-जास्त निघते.

खरी परीक्षा इनसोलवर होते. आतली सुटी गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, टाच तिच्या मागच्या कडेशी नीट बसवून तिच्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी गादी दिसली पाहिजे, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीपेक्षा किंचित कमी. बाजूंनी मांस गादीच्या बाहेर ओघळत असेल, विशेषतः करंगळीकडे, तर तो जोड तुमचा नाही. दुकानातले लोक बुटाचं टोक दाबून 'जागा आहे साहेब' म्हणतात, त्यावर विसंबू नका. पुढचा भाग कडक असेल तर बाहेरून काही कळत नाही, आणि दाबताना माणूस नकळत बोटं आखडून घेतो.

पुढे इतकी जागा कशाला? धावताना पाऊल सुजतं, भाराखाली लांबतं आणि उतारावर पुढे सरकतं. वेताळ टेकडीवरून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळत असतो. तीनेक हजार वेळा असं झालं की नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं होतं. फक्त मापच नाही, टाच मागे नीट अडकलेली नसेल तरीही हेच होतं. नखं सरळ आणि आखूड कापलेली असावीत हेही त्यातच आलं.

रुंदीचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. लहानपणापासून घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वावरलेल्या पायाची बोटं मोकळी पसरलेली असतात. भारतात कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पावलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही त्यांची पावलं बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली. परदेशी साच्यावरचा बूट अशा पायाला लांबीत बसतो आणि चवड्यात आवळतो. मग काय होतं, तर लोक एक नंबर मोठा घेतात. हा उपाय चुकीचा आहे, आणि का ते नीट समजून घ्या. बूट जिथे वाकतो ती रेघ तुमची बोटं जिथे वाकतात तिथेच यायला हवी. नंबर वाढवला की ती रेघ पुढे जाते, टाच सैल होते, पाऊल पुढे सरकतं आणि ज्या नखासाठी मोठा बूट घेतला तेच नख पुन्हा आपटतं. लांबी बरोबर आहे पण चवडा दाबतोय, तर नंबर तोच ठेवून रुंदी वाढवा. पुरुषांच्या बुटांत 'डी' ही नेहमीची रुंदी, '२ई' रुंद, '४ई' अतिरुंद. बायकांच्या बुटांत 'बी' नेहमीची आणि 'डी' रुंद. पुण्यातल्या दुकानांत बहुतेक वेळा नेहमीचीच रुंदी मांडलेली असते; रुंद जोड मागवून घ्यावा लागतो किंवा ऑनलाइन शोधावा लागतो. चवडा रुंद असलेल्या बाईंना पुरुषांचा जोड सुचवला जातो. तो चवड्याला चालतो, पण टाचेला बहुधा सैल पडतो, म्हणून टाच तपासल्याशिवाय घेऊ नये.

पायात घालताना सगळ्या लेस खालपर्यंत सैल करा, पाय आत घालून टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा आणि मग खालून वर सारखा ताण देत बांधा. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी अप्परचं, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाचं, कापड चिमटीत किंचित धरता आलं पाहिजे. मूठभर चुण्या येत असतील तर सैल, अजिबात पकडता येत नसेल तर घट्ट. घोट्याचं हाड बुटाच्या काठाला घासतंय का ते बघा. उंच तळाच्या काही बुटांत पाय खोल बसतो आणि काठ नेमका हाडाखाली येतो. चालताना टाच एक-दोन मिमी हलली तर चालेल. त्याहून जास्त उचलली जात असेल तर शेवटच्या जादा भोकातून लेसचा फास करून टाचेला अडकवण्याची पद्धत वापरून बघा: लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा, विरुद्ध बाजूचं टोक त्यातून ओढायचं आणि मग गाठ मारायची. तरीही निसटली तर जोड बदला. मुंग्यांसाठीही आधी लेसचाच उपाय करून बघता येईल. दुखऱ्या जागेवरची आडवी लेस वगळायची, म्हणजे त्या पट्ट्यात लेस फुली न मारता सरळ वरच्या भोकात न्यायची. हे आजच, सध्याच्या जोडावर करा. काही वेळा अर्धं दुखणं तिथेच संपतं.

आता त्या दोन दुकानांचा वाद. न्यूट्रल म्हणजे आधार नसलेला बूट, असा समज आहे. तो खरा नाही. न्यूट्रल बुटाच्या मधल्या फोमची घनता आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सारखी असते. स्टॅबिलिटी बुटात पाऊल आत झुकू नये म्हणून आतल्या बाजूला कडक फोमचा ठोकळा, उंच कडा किंवा तशीच काही रचना असते. पण पाऊल थोडं आत झुकणं हा दोष नव्हेच. धक्का पचवण्याची ती शरीराची रीत आहे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना त्यांच्या पावलाचा प्रकार कोणताही असो, सरसकट न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. पाऊल आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. अमेरिकी सैन्यदलांत भरती झालेल्यांना पावलाच्या ओल्या ठशासारख्या चाचणीवरून कमानीप्रमाणे बूट वाटून बघितले, दुखापतींत फारसा फरक पडला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावपटूंवर झालेल्या चाचणीत, २०१६ साली, आतून आधार देणाऱ्या बुटांत दुखापती कमी आढळल्या, आणि फायदा मुख्यतः आत झुकणाऱ्या पावलांनाच झाला. म्हणून स्टॅबिलिटी बूट निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. नडगीच्या आतल्या कडेला किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला दुखणं वारंवार उलटत असेल, जुन्या जोडाचा अप्पर टेबलावर ठेवल्यावर स्पष्टपणे आत कललेला दिसत असेल, तर ते जरूर घालून बघावेत. तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही. ट्रेडमिलवर वीस सेकंदांच्या व्हिडिओत पाऊल आत जाताना दिसलं, एवढ्यावर जादा पैसे घालू नका. सोलची टाच बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात झिजते म्हणून घाबरणारेही पुष्कळ भेटतात. टाचेवर उतरणाऱ्या बहुतेक सगळ्यांची झीज तिथेच होते.

मग निवडायचं कशावर? माझं उत्तर: धावताना कसं वाटतं त्यावर. कॅलगरी विद्यापीठाच्या बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये हाच विचार मांडला, की स्वतःला आरामदायी वाटणारा बूट निवडणारा माणूस बहुधा आपल्या शरीराच्या सहज चालीशी जुळणारा बूट निवडत असतो. मात्र आराम उभं राहून तपासायचा नाही. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सर्वांत मऊ बूट नेहमीच जिंकतो, आणि तोच बूट आठव्या किमीला डगमगतो. एका पायावर वीस सेकंद उभे राहा, मग गुडघा थोडा वाकवून पाच वेळा खाली-वर व्हा. घोटा सतत सावरावा लागत असेल तर फोम तुमच्यासाठी जास्त मऊ किंवा तळ जास्त अरुंद आहे. मग दोन-तीन मिनिटं खरोखर धावा. एका पायात एक मॉडेल आणि दुसऱ्यात दुसरं घालून धावलं की फरक चटकन कळतो. नंतर पाय बदलून पुन्हा. जिना उतरून बघा, कारण उतारावर पाऊल पुढे सरकतं का ते तिथे उघड होतं. धावायची परवानगी न देणाऱ्या दुकानातून बूट घेऊच नयेत.

कुशनबद्दल बोलताना जाडी आणि मऊपणा वेगळे धरा. टाचेखाली ३५ मिमीचा फोम कडकही असू शकतो आणि २८ मिमीचा मऊ. ईव्हीए हा नेहमीचा हलका फोम. टीपीयू जड, पण टिकाऊ आणि थंडी-उन्हात कमी बदलणारा. पेबा सर्वांत उसळीचा आणि महाग, रोजच्या सावकाश धावण्याला त्याची गरज नाही. बोटानं फोम दाबून काहीच कळत नाही, कारण अंगठ्याचा दाब आणि ७८ किलोच्या माणसाचं पाऊल यांची तुलनाच होत नाही. वजन जास्त म्हणजे कुशन जास्त, हा हिशेबही सरळ नाही. ८४८ धावपटूंवरच्या २०२० च्या चाचणीत कडक बुटांत दुखापती जास्त झाल्या, पण मऊ बुटांचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना अधिक झाला. तुमच्या वजनाला मध्यम मऊ, पाया रुंद आणि दाबल्यावर तळाला न टेकणारा फोम चांगला. धावताना टाचेखाली 'ठक्क' असं कडक लागलं, की फोम पूर्ण दबला असं समजा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, विसरू नका. १० ते १२ मिमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर ताण कमी येतो, गुडघ्याकडे थोडा जास्त. ४-५ मिमीमध्ये उलट. सध्याच्या जोडाचा ड्रॉप शोधून काढा आणि नवा त्याच्या तीन-चार मिमीच्या आसपास ठेवा. स्पर्धेआधी दोन महिने दहावरून चारावर उडी मारली, की पोटरी धरलीच म्हणून समजा. अंगठ्याचा सांधा आखडलेला किंवा दुखरा असेल तर पुढून वळवलेला, होडीच्या तळासारखा कडक सोल उपयोगी पडतो. इतरांना तो आवडला तर घ्यावा, एवढंच.

तुम्ही धावता त्या जमिनीचा विचार दुकानात कोणी करत नाही. सिमेंटचा रस्ता कडक, पण सपाट असतो. तिथे कुशन कामाला येतं. पेव्हर ब्लॉकचे पदपथ वेगळे. उचकटलेल्या ब्लॉकच्या कडेवर उंच, मऊ आणि अरुंद तळाचा बूट पडला तर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. म्हणून बूट उलटा करून बघा: टाचेखालचा आणि चवड्याखालचा तळ अप्परपेक्षा दोन्ही बाजूंना थोडा बाहेर आलेला हवा. जून ते सप्टेंबर त्याच ब्लॉकवर शेवाळ धरतं. तेव्हा टाचेला आणि चवड्याला पुरेसं रबर असलेला सोल हवा; नुसता उघडा फोम जमिनीला टेकत असेल तर ओल्यात घसरतो आणि टेकडीच्या मुरमाने त्याचे तुकडे निघतात. रविवारच्या टेकडीसाठी जुना जोड किंवा साधा ट्रेल बूट वेगळा ठेवलात तर नवा जोड जास्त टिकेल.

मॉडेल कोणती? रोजच्या धावण्यासाठी ब्रुक्स घोस्ट, एसिक्स जेल-क्युम्युलस, न्यू बॅलन्स ८८०, सॉकनी राइड, नायकी पेगासस ही मध्यम कुशनची न्यूट्रल मंडळी. एसिक्स जेल-निंबस, न्यू बॅलन्स १०८०, ब्रुक्स ग्लिसरिन, होका क्लिफ्टन ही त्याहून गुबगुबीत. तुमच्या चवड्यासाठी मी घोस्ट आणि ८८० आधी घालून बघायला सांगेन, कारण दोन्ही रुंद मापांत बनतात. नावावर मात्र जाऊ नका. क्लिफ्टनचा ड्रॉप वर्षानुवर्षं ५ मिमी होता, दहाव्या आवृत्तीत ८ झाला. 'मागच्या वेळी हाच घेतला होता' म्हणून न बघता मागवलेला जोड असा फसवतो. मागच्या वर्षीची आवृत्ती स्वस्तात मिळाली तर आनंदाने घ्या, पण खोक्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेल्या जोडाचा फोम कडक होतो आणि डिंक सुटू लागतो.

मोजे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. करंगळीचा फोड रुंदी बदलूनही राहिला तर प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे वापरून बघा.

नवा जोड 'सैल पडेल हळूहळू' या आशेवर कधीच घेऊ नका. चामड्याच्या चपलेसारखा तो पायाला बसत नाही. दुकानात चावला तर रस्त्यावरही चावणार. पहिली दोन-तीन धावणी ३ ते ५ किमीची ठेवा, जुना जोड लगेच टाकू नका, दोन्ही आलटून-पालटून वापरा. २६४ धावपटूंना २२ आठवडे पाहिलेल्या एका अभ्यासात एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किमी. तुमच्या ३० किमीच्या आठवड्याला हे चार ते सहा महिने होतात. पावसात भिजला तर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली वाळवा. गॅलरीतल्या कडक उन्हात नको, एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, कारण उष्णतेने ईव्हीए आकसतो आणि माप बदलतं. वॉशिंग मशीनही नको.

रुंद जोड आणि सैल लेस करूनही मुंग्या तीन आठवड्यांत गेल्या नाहीत, तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये आगआग होत राहिली किंवा एका बोटाने दाखवता येईल अशा हाडाच्या जागी दुखत असेल, तर बूट बदलत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह असेल तर तीन आठवडेही थांबायचं नाही.

खरेदी स्पर्धेच्या आठ आठवडे आधी करा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला. संध्याकाळी जा, स्वतःचे मोजे, जुना जोड आणि मापाचा तो कागद बरोबर न्या. २७.५ लेबलचा जोड '२ई' रुंदीत मागा. तो न मिळाल्यास नेहमीच्या रुंदीतला, पण पुढून गोलसर साच्याचा. उजव्या पायाच्या इनसोलवर १० मिमी दिसले नाहीत तर अर्धा नंबर वर जा. चार-पाच जोड घालून एकही पटला नाही, तर रिकाम्या हाती परत या आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानात जा.